नोंग तिनोय घरी निघतात

संध्याकाळी साडेसहाला स्टुडिओ सुटला की नोंग तिनोय दारात उभे राहायचे. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात रिकामा डबा आणि तोंड आतल्या रिकाम्या हॉलकडे. आम्ही सगळे त्यांच्या मागे जिन्यात ताटकळलेले. मग ते त्या रिकाम्या हॉलला हाका मारू लागायचे. "दाली ना, मिलिंद, पुली ना ता! दाली ना, रझिया, पुली ना ता!" म्हणजे, चल मिलिंद, घरी जाऊ या, चल रझिया, घरी जाऊ या. मिलिंद म्हणजे मी. मी त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर धडधाकट उभा असायचो, खांद्याला पिशवी, घरी जायला एका पायावर तयार. पण हाक मला नसायचीच. ती आत असायची. एकूणएक नावं घेऊन झाली की ते जरा थांबायचे, जणू एखादं पोर अजून चपला शोधत रेंगाळतंय, आणि मगच कुलूप लावायचे.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, म्हातारा पितो. आठवड्याभरात कळलं, थेंबही घेत नाही. मग मात्र आम्ही घाबरलो.

शेवटी त्यांनीच एकदा चहाच्या वेळी उलगडा केला, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा. प्रत्येक माणसाबरोबर एक दुसरा असतो. त्यांच्या भाषेत त्याला 'दुंगान' म्हणतात. तो दिसत नाही, त्याला वजन नसतं आणि स्वभावानं तो फार भोळा. माणूस एखाद्या जागी रमला, दचकला किंवा कामात बुडाला की हा तिथेच बसून राहतो. धनी उठून घरी जातो, जेवतो, झोपतो, पण अर्धाच. म्हणून जागा सोडताना त्याला नावानं हाक मारायची. "तुम्ही लोक दिवसभर कागदावर साळिंदराचे काटे काढता," नोंग म्हणाले. "इतकं वाकून काम करणाऱ्याचा दुंगान टेबलाखाली झोपला, तर त्याचा काय दोष?"

आता माझी अडचण ऐका. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली देव्हारा रिकामा केला तेव्हा देवांबरोबर आत्म्यालाही निरोप दिला होता. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले माझे बाबा या बाबतीत फार कडक. मी घरी जाऊन दुंगानाची हकिकत रंगवून सांगितली, हाकांची नक्कलही करून दाखवली. बाबांनी वर्तमानपत्र खाली न करता विचारलं, "आणि ओव्हरटाइम कुणाच्या नावावर लावतात? तुझ्या, की त्याच्या?"

गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागू लागल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. नळस्टॉपजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचा ॲनिमेशनचा स्टुडिओ होता. परदेशातल्या एका वाहिनीसाठी आम्ही टेनिस खेळणाऱ्या साळिंदराची मालिका करत होतो. साळिंदर ज्यानं सुचवलं त्याला माझे तळतळाट अजून चालू आहेत. दर चित्रात त्याचा काटान् काटा काढावा लागे. चित्रं कागदावर पेन्सिलीनं काढायची, स्कॅन करायची आणि रंग कॉम्प्युटरवर भरायचे, अशी अर्धी जुनी, अर्धी नवी पद्धत होती. मी पार्श्वभूमी रंगवायचो, म्हणजे साळिंदराच्या मागचं आकाश, झाडं आणि टेनिसचं कोर्ट. रझिया शेख क्लीनअपला होती. दुसऱ्यांच्या गिचमिड रेघांमधून एक स्वच्छ रेघ शोधून काढायची, हे तिचं काम. तिच्या घरी भवानी पेठेत पिढ्यान्‌पिढ्या दुकानांच्या पाट्या रंगवत आलेले. तिचा हात हलायचा नाही, आणि जीभ थांबायची नाही.

आम्हाला शिकवायला मालकांनी फिलिपाइन्सहून आणलेले हे उस्ताद. साठीकडे झुकलेले, काटक, त्या देशाच्या मधल्या बेटांवरचे. तिथल्या माणसांना बिसाया म्हणतात. परक्यांची चित्रं हलवून देण्याचा धंदा त्यांच्याकडे आपल्या बराच आधी पोचला होता. नोंगांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या सशांना उड्या मारायला शिकवण्यात घालवलं होतं. 'नोंग' म्हणजे त्यांच्याकडे थोरला भाऊ. आम्ही 'सर' म्हणायला गेलो तर म्हणाले, "सर विमानतळावरच राहिले. इथे नोंग आलाय."

बोलायचे इंग्रजीत, तेही मोडक्या. मी इथे मराठीत आणतो आहे. पण तीन मराठी शब्द त्यांनी पक्के केले होते आणि तेवढ्यावर पुण्यातली चार वर्षं काढली. 'हळू' हा रिक्षावाल्यांसाठी. 'पुन्हा' आमच्यासाठी, चित्र बिघडलं की कागद परत देताना एवढाच शेरा. आणि 'सरका' हा पीएमटीच्या बसमध्ये मिळालेला. त्या शब्दावर त्यांचा फार जीव. "अनोळखी माणसाला एक शब्द म्हणायचा, की तो जागा करून देतो," ते आश्चर्यानं सांगायचे. "पुण्यात बाकी कुठल्याच शब्दाला कुणी हलत नाही."

त्यांचा डावा गुडघा पुरता वाकत नसे. लहानपणी नारळाच्या झाडावरून पडले होते. चालताना फरशीवर आवाज यायचा: धप, टक. धप, टक. माणसाची चाल शिकवताना ते टेबलांमधून स्वतःच चालून दाखवायचे. "सरळ चालणारा माणूस कुणालाही काढता येतो. मला काढा." आम्ही कागदांचे ढीगच्या ढीग संपवून त्यांना चालवलं. आज मला झोपेतून उठवलंत तर साळिंदराला कान होते की नाही ते सांगता यायचं नाही. नोंगांची चाल मात्र डोळे मिटून काढून देईन.

एकदा संध्याकाळी चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला. नोंगांनी चहाचं पातेलं, दोन झाकणं आणि हाताला लागतील तेवढ्या लोखंडी फूटपट्ट्या उचलल्या, आम्हाला गच्चीवर नेलं आणि बडवायला लावलं. त्यांच्याकडे समुद्रात बाकुनावा नावाचा अजस्र साप राहतो. आकाशात पूर्वी सात चंद्र होते. त्याला ते फार आवडले, म्हणून त्यानं एकेक करून सहा गिळले. सातवा तोंडात धरला की खालच्या माणसांनी भांडी बडवायची. मग तो दचकून थुंकतो. आम्ही जोरात होतो, तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन अभ्यंकर वर आले.

"काय चाललंय?"

"चंद्र सोडवतोय," मी म्हटलं.

"सोसायटीचा आहे का तो?"

"नाही."

"मग सोसायटीच्या गच्चीवरून कशाला?"

मी हे नोंगांना भाषांतर करून सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, "त्यांना सांग, हा शेवटचा आहे. शेवटच्या वस्तूची काळजी सगळ्यांनीच घ्यायची असते." अभ्यंकरांनी वर पाहिलं. खाली रस्त्यावरून 'दे दान, सुटे गिराण' अशी आरोळी गेली. त्यांनी माझ्या हातातली फूटपट्टी घेतली, पातेल्यावर एकदाच, अगदी हलकेच वाजवली आणि परत दिली. "आठ वाजता बंद," म्हणाले आणि उतरून गेले.

इथवर हसायला हरकत नाही. मीही ही गोष्ट सांगताना इथेच थांबून पाणी पितो. पुढचं जरा वेगळं आहे.

ॲनिमेशनमध्ये मुख्य चित्रं काढणारा माणूस कागदाच्या कडेला एक उभी रेघ ओढतो आणि तिच्यावर छोट्या आडव्या खुणा करतो. मधली चित्रं कुठे दाट, कुठे विरळ काढायची आणि हालचाल कुठे संपवायची, हे त्या खुणांवरून पुढच्याला कळतं. साधं, रोजचं काम. पण ती रेघ ओढताना नोंग बोलणं थांबवायचे. मी एकदा कारण विचारलं.

"आमच्या बेटावर एक उंच डोंगर आहे," ते म्हणाले. "तिथे सिदापा राहतो. मरणाचा देव. त्याच्या दारात एक झाड आहे. मूल जन्मलं की तो त्या झाडावर एक खूण करतो. माणूस खुणेपर्यंत पोचला की संपलं." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "मीही जन्मभर खुणाच करतोय. शेवटची खूण नेहमी हळू करावी, मिलिंद. कुणाची तरी असते."

शिकवताना ते आम्हालाही अशा खुणा करायला लावायचे. त्या दिवसापासून रझिया शेवटच्या खुणेआधी ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हणू लागली. मी काही म्हणायचो नाही. पण पेन्सिलीला नवीन टोक करून घ्यायचो.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. दुपारनंतर साळिंदराला सुट्टी आणि नोंगांची स्वतःची फिल्म सुरू. मालकांनी मशीनं वापरायला परवानगी दिली होती, आणि मला नि रझियाला घरी जायची घाई नव्हती. फिल्मच्या सुरुवातीला जमीनच नाही. वर आकाश, खाली समुद्र आणि मध्ये एक पक्षी, उडून उडून दमलेला, टेकायला जागा नसलेला. शेवटी तो आकाश आणि समुद्र यांच्यात कळ लावतो. समुद्र लाटा वर फेकतो, आकाश चिडून त्याच्यावर दगड टाकतं, आणि त्या दगडांची बेटं होतात. पक्षी निवांत बसतो. मी रंगवलेलं पहिलं बेट हुबेहूब सिंहगड झालं. मी खोडायला निघालो तर नोंगांनी हात धरला. "राहू दे. रागात फेकलेले दगड ते. एखादा तुमच्याकडेही पडला असेल."

मग बाकुनावा येतो, मग सिदापाचं झाड, आणि सगळ्यात शेवटी बोट. समुद्राची देवता मागुआयान मेलेल्या माणसांना या बोटीतून पलीकडच्या किनाऱ्याला नेते. बोटीत एक बाई बसली आहे, आपल्याकडे पाठ करून. आता ती मान वळवून मागे पाहणार, आणि फिल्म संपणार. पण ती वळायची नाही. नोंग टेबलावरच्या छोट्या आरशात स्वतःची मान वळवून बघायचे, रेघ सुरू करायचे, मान फिरायची, गालाची कड दिसू लागायची आणि तिथून पुढचा कागद कोरा. कित्येक शनिवार असे गेले.

पाणी कसं हलतं ते टिपायला आम्ही तिघं एकदा खडकवासल्याला गेलो. धरणाच्या काठावर बसून रझियानं एकदम विचारलं, "नोंग, बोटीत कोण आहे?"

"नेनिंग," ते म्हणाले. "माझी बायको."

नेनिंग सुकी मासळी घेऊन समोरच्या बेटावरच्या बाजाराला निघाली होती. बोट पोचलीच नाही. नोंग तेव्हा मनिलात कुणाच्या तरी सशाच्या उड्या काढत होते. निरोप मिळून, सुट्टी मिळून गावी पोचेपर्यंत किनारा रिकामा झाला होता. लोकांनी पाण्याकडे तोंड करून आपापल्या माणसांना नावानं हाका मारल्या होत्या. नेनिंगला कुणी हाक मारली नव्हती. "सगळ्यांना वाटलं, नवरा येईल, तो मारेल," नोंग म्हणाले. "बरोबरच वाटलं. मी आलो, मारलीही. पण हाकेलाही वेळ असते."

"मग एकदाचा तिचा चेहरा काढा ना," मी म्हटलं. "फिल्म तरी पुरी होईल."

"चेहरा मला येतो, मिलिंद. पण काढला की त्याचं चित्र होईल. मग मला ते चित्रच आठवत राहील."

निघताना त्यांनी धरणाच्या पाण्याकडे पाहून रोजच्यासारख्या हाका मारल्या. मिलिंद. रझिया. मग जरा थांबून तिसरं नाव. परतीच्या बसमध्ये ते खिडकीची जागा सोडून बाकाच्या कडेला बसले. एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "सरका." ज्या शब्दाचं त्यांना एवढं कौतुक, त्या शब्दाला नोंग हलले नाहीत. "कुणीतरी आहे," एवढंच इंग्रजीत म्हणाले. बाईंनी रिकाम्या खिडकीकडे पाहिलं, नोंगांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आश्चर्य म्हणजे भांडण न काढता पुढे गेल्या.

मग मालकांच्या लक्षात आलं की ज्या टेबलांवर आम्ही साळिंदर काढतो, तिथे रात्री अमेरिकेशी फोनवर बोलणारी मुलं बसवली तर धंदा बरा होईल. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. तेव्हा अख्खं शहरच फोन उचलायला निघालं होतं. साळिंदर आणखी स्वस्त देशात गेलं. काचेखाली दिवा असलेली आमची लाइट टेबलं भंगारवाल्यानं नेली. एक रझियानं भांडून ठेवून घेतलं. फिल्म उतरवून ठेवायला मी आणि नोंग बुधवार पेठेत हार्डडिस्क घ्यायला गेलो. नोंगांनी दुकानदाराला पुन्हा पुन्हा विचारलं, "यात किती वर्षं टिकतं?"

दुकानदार म्हणाला, "काका, तुमच्यापेक्षा जास्त."

शेवटच्या संध्याकाळी नोंग दारात उभे राहिले. हॉलमध्ये टेबलांचे चौकोनी डाग उरले होते. त्यांनी एकेकाला हाक मारली, कुणालाही वगळलं नाही. सगळी नावं झाली. मग मला वाटलं, आज यांनाही कुणीतरी हाक मारायला हवी. मी तोंड उघडलं, "दाली ना, नोंग..." आणि त्यांचा तळहात माझ्या तोंडावर आला. त्याला पेन्सिलीचा वास होता.

"मला नको," ते म्हणाले. "नेनिंग बोटीत एकटी आहे. फिल्म पुरी होईपर्यंत कुणीतरी इथे थांबायला हवं. पुरी झाली की हाक मार."

त्यांनी कुलूप लावलं आणि ते पुढे होऊन जिना उतरू लागले. रझियानं माझी बाही ओढली. मी कान दिला. टक, टक, टक, टक. सरळ, एकसारखं. चार वर्षं जी चाल आम्ही कागदावर गिरवली, ती त्या पायांत नव्हती. लंगडणं वरच राहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, निरोपाच्या वेळी माणसाला वाटेल ते ऐकू येतं. मीही स्वतःला तेच सांगितलं. बाबा तर म्हणालेच.

सहा-सात वर्षं गेली. मी हिंजवडीला एका कंपनीत स्क्रीनवरची बटणं काढत होतो. आधी चौकोनी काढायची, मग त्यांचे कोपरे गोल करायचे. यालाच प्रगती म्हणत. रझिया लोणी काळभोरकडच्या एका कॉलेजात ॲनिमेशन शिकवत होती. अशात एक दिवस लांबच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे नोंगांची धाकटी बहीण होती, लोलिंग. माझा नंबर तिला नोंगांच्या त्या छोट्या आरशामागे चिकटवलेला मिळाला होता.

"तो खाटेवर आहे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आता देवाच्या हातात. त्याला जायची भीती नाही. पण जाता येत नाही. तो अर्धाच आहे. मागुआयान अर्ध्या माणसाला बोटीत घेत नाही. बाकीचा तुमच्याकडे राहिलाय. त्याला पाठवा." मग म्हणाली, "तुमच्याकडून आल्यापासून तो सरळ चालतो. शेजारी म्हणतात, पुण्याला पाय बरा झाला. मला तेव्हाच आवडलं नव्हतं."

मी ते शब्द रझियाला जसेच्या तसे सांगितले. ती म्हणाली, "शनिवारी जाऊ."

इमारतीत रखवालदार नवा होता, आडदांड, सोलापूर रस्त्याकडच्या एका गावचा. तिसऱ्या मजल्यावर कॉल सेंटर, शनिवारी दुपारी बंद. आम्ही जुन्या स्टुडिओतले आहोत म्हटल्यावर तो खुर्ची सोडून उठला.

"मंग तुमीच सांगा साहेब, वर कोन चालतंय? कुलूप हाय, मानूस न्हाई. शनवारी दुपारचाच आवाज येतोय. म्या दोनदा जाऊन बगितलं."

"कसला आवाज?"

"चालल्याचा. पर चाल बी कशी, तर अशी." आणि तो एवढा धिप्पाड माणूस आमच्यासमोर पॅसेजमध्ये चालून दाखवू लागला. धप, टक. धप, टक. डावा गुडघा न वाकवता. ती चाल शिकायला आम्हाला वर्ष लागलं होतं. त्याला ती कुणीच शिकवली नव्हती.

रझिया पायरीवर बसली. मी म्हटलं, "चल वर. हाक मारू आणि मोकळे होऊ."

"येणार नाहीत," ती म्हणाली. "फिल्म कुठे झालीय? तुला माहीत आहेत ना ते. एक रेघ राहिली तरी जागचे उठायचे नाहीत."

"फिल्म होणार कशी? तिचा चेहरा आपल्याला कुठे ठाऊक आहे?"

रझिया अजून रखवालदाराच्या पायांकडे बघत होती. "चेहरा कशाला हवा?" ती हळूच म्हणाली. "तिनं वळायलाच नको. नोंगच जातील की तिच्याकडे चालत."

रझियाच्या घरी ते जुनं लाइट टेबल माळ्यावरून खाली आलं. बुधवार पेठेतली हार्डडिस्क माझ्याकडेच राहिली होती, ती दुकानदाराच्या शब्दाला जागली. मी किनारा रंगवायला घेतला, आणि रझियानं नोंग काढायला. चालत येणारे, पाठमोरे, डावा पाय ताठ. पहिली काही चित्रं झरझर झाली. मग बोट जवळ आली तशी तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"मिलिंद, हे काढलं तर ते जातील."

"नाही काढलं तर राहतील," मी म्हटलं. "अर्धे. तिथेही आणि इथेही."

"मग खुणा तू कर. तुमच्यात आत्मा नसतो ना? तुझा हात कापायचं कारण नाही."

मी त्या रात्री बाबांना सगळं सांगितलं, या वेळी नक्कल न करता. "आपण हे मानत नाही," मी म्हटलं. "मग मी तिथे उभा राहून कुणाला हाक मारू?" बाबांची नजर तेव्हा अधू झाली होती, वर्तमानपत्र मीच वाचून दाखवायचो.

"हाक मारायला आत्मा कशाला लागतो?" ते म्हणाले. "माणूस असला की पुरे. तो आहे ना? मग मार. आणि मोठ्यानं मार, तुझा आवाज बारीक आहे."

दुसऱ्या दिवशी मी पेन्सिलीला टोक केलं, कागदाच्या कडेला उभी रेघ ओढली आणि खुणा केल्या. शेवटची खूण हळू केली. हात कापला. रझियानं बघितलं, पण टोमणा मारला नाही.

शेवटचा शॉट असा झाला. वाळूवरून एक म्हातारा चालत येतो. त्याच्या मागे सिंहगडासारखं दिसणारं बेट. तो बोटीपाशी पोचतो, काठावर हात ठेवतो. बाई मागे बघत नाही. फक्त बसल्या जागी जराशी सरकते, चार बोटं. तो तिच्या शेजारी बसतो. बोट निघते. ते सरकणं रझियाला सुचलं. कसं, ते तिला सांगता येत नाही.

आम्ही फिल्म लोलिंगच्या मुलाला पाठवली, आणि त्याला ती मिळाल्याचं कळल्यावर शनिवारी दुपारी रखवालदाराला घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. त्यानं दार उघडलं. हॉलभर खुर्च्या, खुर्च्यांवर टांगलेले हेडफोन. मी एक हात चौकटीवर ठेवला. रीत पाळायची म्हणून आधी रझियाचं नाव घेतलं, मग माझं. मग छाती भरून, बाबांनी सांगितलं होतं तसं, मोठ्यानं म्हटलं, "दाली ना, नोंग तिनोय, पुली ना ता!"

आणि थांबलो. चपला शोधायला लागतो तेवढा वेळ.

काही झालं नाही. एक हेडफोनही हलला नाही. मी कुलूप लावायला वळलो, तर मागे उभा असलेला रखवालदार भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभा. अरुंद जिन्यात कुणी वडीलधारं खाली उतरताना आपण राहतो तसा.

"काय झालं हो?" रझियानं विचारलं.

"कुटं काय," तो म्हणाला. "वाट दिली."

दुसऱ्या दिवशी लोलिंगचा फोन आला. शनिवारी तिच्या मुलानं नोंगांना फिल्म दाखवली होती. पाहून झाल्यावरही ते पडूनच होते. दिवस मावळताना मात्र उठून बसले, चप्पल मागितली आणि कुणाचा हात न धरता समुद्राकडे निघाले. "लंगडत," लोलिंग म्हणाली. "इतक्या वर्षांनी, मिलिंद, माझा भाऊ लंगडत चालला."

किनाऱ्यावर एक जुना बाक आहे. नोंग त्याच्यासमोर उभे राहिले, लोलिंग चार पावलं मागे. बाक अख्खा रिकामा होता, तरी बसले नाहीत. कुणाला तरी बोलावं तसा एक शब्द बोलले, मग बसले. थोड्या वेळानं लोलिंग घरून शाल घेऊन आली तेव्हा ते बसल्या जागीच गेलेले होते.

"तो शब्द आमच्यातला नव्हता," ती म्हणाली. "तुमच्यातला असेल. सरका. म्हणजे काय?"

मी सांगितलं. म्हणजे, मला बसायला जरा जागा द्या.

मग लोलिंग म्हणाली, "दिली असणार. तो अगदी कडेला बसला होता."